वाचकांचे प्रश्न : मुरमांचे खड्डे आणि उपचारांची जोडणी

प्रश्न : मी २७ वर्षांची असून सांगलीतील एका सहकारी संस्थेत नोकरी करते. कॉलेजच्या वर्षांत माझ्या चेहऱ्यावर मोठे, ठणकणारे मुरूम येत असत. गेल्या दीड वर्षापासून ते जवळजवळ थांबले आहेत. पाळीच्या आधी हनुवटीवर एखाददुसरी पुटकुळी येते, तेवढेच. परंतु दोन्ही गालांवर आणि कानशिलांपाशी खड्डे राहिले आहेत. येथील एका क्लिनिकमध्ये मायक्रोनीडलिंग आरएफ (बारीक सुया टोचून त्वचेत रेडिओलहरींची उष्णता सोडणे) आणि पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला द्राव) यांचे सहा सिटिंगांचे पॅकेज सुचवण्यात आले असून सर्व रक्कम आगाऊ भरल्यास सवलत मिळेल असे सांगितले आहे. पुण्यातील दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र आधी सबसिजन, त्यासोबत टीसीए क्रॉस आणि गरज पडली तरच शेवटी लेझर असा क्रम लिहून दिला. माझा रंग सावळा आहे आणि साधी पुटकुळी बसली तरी तिचा काळा डाग दोन-तीन महिने जात नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझे लग्न आहे. मावशीचे म्हणणे असे की, लग्न होईपर्यंत चेहऱ्याला सुई लावूच नकोस. दोन तज्ज्ञांची मते इतकी निराळी कशी, आणि हाताशी असलेल्या मर्यादित पैशांत मी काय निवडावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे पत्र जुलैच्या अंकासाठी हाती घेतले आहे, म्हणजे लग्नाला साधारण पाच महिने आहेत. हे आधी नोंदवतो, कारण तुमच्या बाबतीत निम्मा निर्णय पंचांगावर अवलंबून आहे.

दोन डॉक्टरांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली, असे तुम्हाला वाटते आहे. प्रत्यक्षात त्यांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. पहिल्या ठिकाणी संपूर्ण गालाचा पोत सुधारण्याचा विचार झाला, तर दुसऱ्या ठिकाणी एकेक खड्डा पाहून त्याला काय लागेल याचा विचार झाला. दोन्ही विचार चुकीचे नाहीत. मात्र कोणता आधी आणि कोणता नंतर, याला महत्त्व आहे; आणि ते ठरवण्यासाठी तुमच्या गालावर नेमके कोणत्या जातीचे खड्डे आहेत हे कळले पाहिजे. पत्रात ते आलेले नाही, यात तुमचा दोष नाही. बहुतेक रुग्णांना ते कोणी सांगतच नाही.

घरी एक साधी पाहणी करा. संध्याकाळी खोलीतला मोठा दिवा बंद करून आरशासमोर बसा आणि मोबाईलचा टॉर्च समोरून न धरता कानाच्या बाजूने, गालाला जवळजवळ समांतर धरा. समोरच्या उजेडात जे दिसत नाही ते या तिरप्या उजेडात सावल्या पडून स्पष्ट दिसते. आता दोन बोटांनी गालाची त्वचा हलकेच ताणा. जे उथळ, पसरट, लाटांसारखे खळगे ताणल्याबरोबर नाहीसे होतात, त्यांना आम्ही रोलिंग म्हणतो. ते सहसा चार-पाच मिलिमीटर रुंद असतात. ताणल्यावरही जे तसेच राहतात आणि ज्यांच्या कडा उभ्या कापल्यासारख्या असतात, ते बॉक्सकार. कांजिण्यांचे व्रण पाहिले असतील तर ओळखायला अडचण येणार नाही. आणि दाभणाने टोचल्यासारखी, तोंडाशी दोन मिलिमीटरपेक्षाही लहान पण खोल गेलेली जी छिद्रे असतात, ती आइस पिक. बऱ्याच चेहऱ्यांवर तिन्ही जाती एकत्र नांदत असतात, आणि म्हणूनच एका उपचाराने सर्व खड्डे भरतील ही अपेक्षा फोल ठरते.

याच पाहणीत आणखी एक गोष्ट वेगळी काढा. ताणल्यावर किंवा तिरप्या उजेडात ज्याला खोलीच दिसत नाही, केवळ रंग काळा, तपकिरी किंवा लालसर आहे, तो खड्डा नव्हे, डाग आहे. डाग सनस्क्रीन, रात्री लावायचे औषध आणि काही महिन्यांचा धीर एवढ्यावर बऱ्याच अंशी फिके होतात. त्यांच्यासाठी सुया टोचून घेण्याचे कारण नाही. माझ्याकडे खड्ड्यांची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कित्येकांना खरा त्रास डागांचाच असतो, आणि ते लक्षात आले की त्यांचा खर्च एकदम खाली येतो.

आता जातीप्रमाणे उपाय पाहू. रोलिंग खड्ड्यांचे मूळ त्वचेच्या पृष्ठभागावर नसते. जुन्या मुरमाच्या दाहातून तयार झालेले तंतू त्वचेला खालच्या थराशी जखडून ठेवतात. कापसाच्या गादीला जागोजागी टाके घातले की त्या ठिकाणी ती दबते, अगदी तसे. वरून गादीवर कितीही हात फिरवला तरी टाका आहे तोवर खळगा राहणारच. टाका कापला की कापूस वर येतो. सबसिजन म्हणजे हा टाका कापणे. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड आणि नॉर्मन ओरेंट्राइख या पितापुत्रांनी ही पद्धत मांडली. (यांतील नॉर्मन हे आधुनिक केशरोपणाचेही आद्य पुरुष मानले जातात.) जागा बधिर करून गालात एका छिद्रातून सुई किंवा बोथट टोकाची कॅन्युला (बारीक नळी) आत सरकवतात आणि पंख्याच्या पात्यांसारखी आतल्या आत फिरवतात. तंतू तुटताना बारीक करकर आवाज येतो. दुखत नसले तरी तो ऐकून रुग्ण दचकतात, म्हणून मी आधीच सांगून ठेवतो. नंतर गाल सुजतो आणि काळानिळा पडतो. हा रंग उतरायला एक ते दोन आठवडे लागतात. क्वचित आत गाठ राहते, ती पुढे विरते किंवा इंजेक्शनने बसवावी लागते. तुमचे खड्डे कानशिलांपाशीही आहेत, म्हणून एक सूचना : त्या भागातून चेहऱ्याच्या मज्जातंतूची (नर्व्हची) कपाळाकडे जाणारी शाखा बरीच वरवर जाते, तेव्हा तेथे सुई चालवणारा हात अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाचाच असला पाहिजे.

आइस पिक छिद्रे इतकी अरुंद आणि खोल असतात की सुयांचा रोलर, आरएफ आणि लेझर यांचा परिणाम त्यांच्या तळापर्यंत फारसा पोचत नाही. त्यांच्यासाठी टीसीए क्रॉस आहे. २००२ मध्ये कोरियातील त्वचारोगतज्ज्ञांनी तो प्रसिद्ध केला. ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिडचे तीव्र द्रावण लाकडी काडीच्या टोकदार टोकाने केवळ त्या छिद्राच्या आत टेकवायचे. काही सेकंदांत तेथे मीठ पडल्यासारखा पांढरा ठिपका उमटतो. पुढे बारीक खपली धरते, ती आठवड्याभरात पडते आणि छिद्राच्या आतून नवे कोलॅजन (त्वचेला भरीवपणा देणारे प्रथिन) तयार होऊ लागते. साधारण महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा हे करावे लागते. मूळ पद्धतीत ६५ आणि १०० टक्के तीव्रतेची द्रावणे वापरली गेली होती; आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर पुष्कळ तज्ज्ञ ५० टक्क्यांपासून सुरुवात करतात. थेंब छिद्राच्या कडेवर ओघळला तर खड्डा भरण्याऐवजी रुंद होण्याची भीती असते. उपाय स्वस्त आहे म्हणून तो कोणीही करावा असा नाही. फार खोल आणि मोजकीच छिद्रे असतील तर पंचने (गोल पात्याच्या लहान अवजाराने) ती कापून एका टाक्याने शिवणे हाही चांगला मार्ग आहे.

बॉक्सकार उथळ असतील तर त्यांना मायक्रोनीडलिंग, आरएफ किंवा फ्रॅक्शनल (सूक्ष्म ठिपक्यांनी काम करणारे) लेझर यांचा फायदा होतो. खोल असतील तर पंचने तळ सैल करून वर उचलतात. इतके पुरे.

येथपर्यंत वाचल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी सबसिजन आणि क्रॉस आधी का लिहिले, हे तुमच्या ध्यानात आले असेल. खालचा टाका कापला नाही तर वरून फिरवलेल्या यंत्राचा पैसा बराचसा वाया जातो. उलट टाके कापल्यानंतर, छिद्रे भरू लागल्यानंतर जो खडबडीतपणा उरतो तो गुळगुळीत करण्याचे काम मायक्रोनीडलिंग किंवा आरएफ चांगले करतात. म्हणजे पहिल्या क्लिनिकने सुचवलेला उपचार त्याज्य नाही. तो पहिल्या पायरीवर ठेवला गेला आहे, इतकीच माझी तक्रार आहे. त्यातही, तुमचे ताणून नाहीसे होणारे खळगे फारच थोडे निघाले आणि बहुतेक उथळ बॉक्सकारच असले, तर मी स्वतःदेखील आरएफपासूनच सुरुवात करीन.

आता तुमच्या रंगाविषयी. साध्या पुटकुळीचा डाग दोन-तीन महिने राहणे ही तुमच्या त्वचेने आधीच दिलेली साक्ष आहे. उष्णता किंवा इजा झाली की सावळ्या त्वचेतील रंगपेशी चवताळतात आणि ती जागा काळवंडते. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर हा खड्ड्यांवरचा प्रभावी उपचार आहे यात शंका नाही. त्याचा १०,६०० नॅनोमीटरचा किरण त्वचेतील पाण्यात शोषला जाऊन सूक्ष्म उभे रकाने जाळतो आणि मधली निरोगी त्वचा शिल्लक ठेवतो. या शिल्लक बेटांमुळेच जखम लवकर भरते. २००४ मध्ये पुढे आलेली ही कल्पना गोऱ्या कातडीच्या देशांत जितकी निर्धास्तपणे वापरली जाते तितकी आपल्याकडे वापरता येत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका सावळ्या मुलीच्या गालांवर परिणाम लवकर दिसावा म्हणून रकान्यांची दाटी जरा जास्त ठेवली. तिचे खड्डे सुधारले, पण दोन्ही गालांवर यंत्राच्या चौकोनी टोकाचे काळे ठसे उमटले आणि ते जायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत ती दर पंधरा दिवसांनी येऊन समोर बसत असे, आणि मी तिला धीर देण्याखेरीज फार काही करू शकत नव्हतो. तेव्हापासून लग्न किंवा मुलाखत जवळ असलेल्या सावळ्या रुग्णाला मी हे लेझर देत नाही. आरएफच्या यंत्रात सुयांच्या टोकाशीच उष्णता सोडता येते आणि, सुयांवर आवरण असेल तर, वरचा रंगाचा थर बराचसा वाचतो. मायक्रोनीडलिंगमध्ये तर उष्णता नसतेच. काळवंडण्याचा धोका दोन्हींत शून्य नाही, परंतु तुलनेने कमी आहे.

पीआरपीचा प्रश्न राहिला. तुमच्याच हातातून सुमारे दहा-वीस मिलिलिटर रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि प्लेटलेटांनी समृद्ध असा पिवळसर द्राव वेगळा करून तो सुयांनी केलेल्या छिद्रांवर लावतात किंवा टोचतात. चेहऱ्याच्या एका बाजूला नुसते मायक्रोनीडलिंग आणि दुसऱ्या बाजूला त्यासोबत पीआरपी अशी तुलना करणारे अनेक अभ्यास झाले आहेत. त्यांतील काहींमध्ये पीआरपीच्या बाजूला थोडा अधिक फायदा आणि लालसरपणा लवकर ओसरणे दिसले, काहींमध्ये फरक नगण्य निघाला; बहुतेक अभ्यास थोड्या रुग्णांवरचे आहेत आणि द्राव तयार करण्याची रीतही प्रत्येकाची निराळी आहे. त्यामुळे माझे मत असे की, पैसा मुबलक असेल तर जोडावे, मोजका असेल तर सर्वांत आधी वगळण्याजोगी बाब हीच आहे. सहा सिटिंगांतून पीआरपी काढून टाकले तर किती रक्कम वाचते, हे त्या क्लिनिकला विचारून पाहा. त्या रकमेत दुसरीकडे सबसिजन होण्याचा संभव आहे.

आगाऊ पॅकेजाबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे : घेऊ नका. नवे कोलॅजन तयार होऊन स्थिरावायला तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या दोन सिटिंगांनंतर, त्याच जागी, त्याच उजेडात, त्याच कोनातून काढलेले फोटो आधीच्या फोटोंशेजारी ठेवून पुढची पायरी ठरवायची असते. सहा सिटिंगांचे पैसे भरून बसलेल्या माणसाला हा निर्णय मोकळेपणी घेता येत नाही, आणि खरे सांगायचे तर ते पैसे घेऊन बसलेल्या डॉक्टरलाही घेता येत नाही. सौंदर्योपचार म्हणून गणल्या जाणाऱ्या या खर्चाला आरोग्यविम्याचा आधार सहसा मिळत नाही, हेही हिशेबात धरा. सबसिजन आणि क्रॉस यांना महागडे यंत्र लागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या अनेक रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत ते खासगीपेक्षा पुष्कळच कमी खर्चात होतात. तेथे रांगेत बसावे लागेल, पण तुमच्यासारख्या नोकरदार वाचकाला एक-दोन रजांच्या मोबदल्यात हा सौदा महाग नाही.

तुमच्या पाच महिन्यांची आखणी मी अशी करीन. जुलैच्या अखेरीस सबसिजन, आणि आइस पिक छिद्रे असतील तर आधी कानापुढच्या कमी दिसणाऱ्या चार-पाच छिद्रांवरच क्रॉस. त्वचा किती काळवंडते हे तेथे चार आठवड्यांत कळते. सर्व काही ठीक दिसले तर ऑगस्टच्या अखेरीस क्रॉसची दुसरी फेरी, आणि गरज असल्यास पुन्हा सबसिजन. सप्टेंबरच्या अखेरीस एकदा मायक्रोनीडलिंग किंवा आरएफ. त्वचेने ते नीट सोसले तर ऑक्टोबरच्या अखेरीस, दिवाळीची धांदल आणि रजा पाहून, आणखी एकदा. त्यानंतर लग्नापर्यंत सुई, ॲसिड, लेझर, ब्लीच आणि नवे क्रीम यांपैकी काहीही नाही. या अर्थाने तुमच्या मावशीचे म्हणणे शेवटच्या सहा-आठ आठवड्यांपुरते अगदी बरोबर आहे. हळदीच्या दिवशी त्वचा पूर्ण भरलेली असेल तर हळद लावायला माझी हरकत नाही. मात्र चंदन, गुलाबपाणी, लिंबू असे जे काही त्यात घरोघरी मिसळले जाते, ते चेहऱ्यापुरते वगळायला सांगा. लेझरचा विचार फेब्रुवारीनंतर, शांतपणे करता येईल, आणि कदाचित त्याची गरजही भासणार नाही.

या काळात रात्री ॲडापॅलीन हे मुरमांवरचे जेल वाटाण्याएवढे घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पातळ लावत राहिल्यास पाळीच्या आधीच्या पुटकुळ्याही आटोक्यात राहतील. नवा मुरूम म्हणजे नवा खड्डा, हे लक्षात घेतले तर हा या जोडणीतील सर्वांत स्वस्त भाग आहे. प्रत्येक प्रक्रियेच्या आधी किती दिवस ते थांबवायचे, ते डॉक्टर सांगतील. लग्नानंतर लवकर मूल हवे असेल तर ते बंद करण्याविषयीही विचारा. सनस्क्रीन सकाळी आणि दुपारी, तर्जनी व मधल्या बोटावर दोन रेघा भरतील इतके लावायचे आहे. पावसाळा आहे, ऊन नाही, ही सबब चालत नाही, कारण ढगांतूनही अतिनील किरण येतात. शक्य असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन निवडा. काळवंडणाऱ्या त्वचेला दृश्य प्रकाशाचाही त्रास होतो आणि साधे पांढरे सनस्क्रीन तो अडवत नाही. ओठांवर ज्वरफोड (हर्पिसचे फोड) येण्याचा इतिहास असल्यास तो डॉक्टरांना आधी सांगा. रक्त पातळ करणारे एखादे औषध चालू असेल तर तेही सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

डिसेंबरपर्यंत गाल सपाट होणार नाहीत. खड्डे निम्म्याने उथळ झाले आणि फोटोग्राफरच्या बाजूच्या दिव्यात सावल्या पूर्वीइतक्या पडल्या नाहीत, तर उपचार उत्तम झाला असे मी म्हणेन. खड्ड्यांची प्रत ठरवण्याच्या गुडमन आणि बॅरन यांच्या पद्धतीत पन्नास सेंटिमीटर हे अंतर धरले आहे, म्हणजे समोरासमोर बसून बोलताना असते तेवढे. त्या अंतरावरून तुमच्या बहिणीला जे दिसते ते खरे मोजमाप. आरशाला नाक लावून, टॉर्चच्या तिरप्या उजेडात तुम्हाला दिसते ते नव्हे. टॉर्चची पाहणी एकदाच करा, रोज नको.

प्रश्न : मी २१ वर्षांचा असून नाशिकमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. चार महिन्यांपासून आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत आणि मुरूम आता फार कमी झाले आहेत. खड्ड्यांवर लगेच उपचार सुरू करावेत असे मला वाटते. एका डॉक्टरांनी गोळी बंद झाल्यावर सहा महिने थांबायला सांगितले, तर दुसरे म्हणतात की मायक्रोनीडलिंग आताही करता येईल. गोळी आणि सुई एकत्र चालतात का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : सहा महिन्यांचा नियम जुना आहे आणि तो सांगणारे डॉक्टर तुम्हाला फसवत नाहीत, आम्ही सर्वांनी तो पाठ केला होता. १९८० च्या दशकात या गोळ्यांवर असलेल्या काही रुग्णांची त्वचा यंत्राने खरवडल्यानंतर जाड, विचित्र व्रण उठल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, आणि त्या मोजक्या नोंदींवरून सर्वच प्रक्रियांना सरसकट बंदी घातली गेली. २०१७ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी उपलब्ध पुरावा तपासून मत दिले की वरवरचे पील (आम्लाने त्वचेचा वरचा थर काढणे), मायक्रोनीडलिंग आणि फ्रॅक्शनल लेझर यांच्यासाठी थांबण्याची गरज सिद्ध होत नाही. त्याच वर्षी आपल्याकडच्या असोसिएशन ऑफ क्यूटेनियस सर्जन्स ऑफ इंडिया या संघटनेच्या कृतिगटानेही त्याच दिशेचे मार्गदर्शन केले. यंत्राने त्वचा खरवडणे आणि संपूर्ण थर जाळणारे लेझर यांच्या बाबतीत मात्र थांबणेच योग्य, हे दोन्हीकडे कायम आहे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. तरीही मी तुम्हाला दोन-तीन महिने थांबायला सांगेन, आणि त्याचे कारण सुरक्षितता नव्हे. मुरूम 'फार कमी' झाले आहेत, थांबलेले नाहीत. उपचारासाठी टोचलेल्या गालावर नवे मुरूम उठत राहिले तर एका हाताने बुजवलेले दुसऱ्या हाताने उकरल्यासारखे होईल. शिवाय ताजे खड्डे पहिल्या काही महिन्यांत आपोआप थोडे उथळ होतात आणि लाल डाग फिके होतात. ही सुधारणा फुकटात मिळत असताना तिचे श्रेय सिटिंगला का द्यावे? गोळीमुळे ओठ आणि त्वचा कोरडी पडली असेल, तर तीही तोवर सावरेल. घाई करण्यासारखी एकच स्थिती आहे : एखादी गाठ ठणकत असेल तर तिच्यात स्टेरॉइडचे सौम्य इंजेक्शन आताच घ्या, म्हणजे तिचा पुढे खड्डा होण्याची शक्यता घटते.

प्रश्न : माझ्या मुलाला (वय १९) चेहऱ्यावर खड्डे आणि खांद्यावर व छातीवर उंच, खाजणारे व्रण आहेत. त्याने ऑनलाइन डर्मा रोलर मागवला असून आठवड्यातून दोनदा तो चेहऱ्यावर आणि खांद्यावर फिरवतो, त्यावर लिंबाचा रस आणि मेडिकलवाल्याने दिलेले गोरे करणारे क्रीम लावतो. मला काळजी वाटते. त्याचे पुढे काय करावे?
— एक आई, चिपळूण

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, ताई. खांद्याचे आणि छातीचे व्रण खड्ड्यांच्या अगदी उलट जातीचे आहेत. तेथे शरीराने कोलॅजन कमी नव्हे, गरजेपेक्षा जास्त तयार केले आहे, आणि रोलरच्या प्रत्येक टोचणीने ते आणखी वाढण्याचा धोका आहे. अशा व्रणांत ट्रायॲमसिनोलोन हे स्टेरॉइड थेट टोचतात, साधारण दर महिन्याला, आणि हट्टी व्रणांसाठी त्यासोबत फ्लुरोयुरॅसिल मिसळतात किंवा द्रव नायट्रोजनने ते आधी गोठवतात. येथेही एका औषधापेक्षा जोडणीच बहुधा उपयोगी पडते. व्रण सपाट होण्याआधी खाज थांबते, आणि मुलाला त्याचाच दिलासा मोठा वाटेल. खांद्यावर असे व्रण उठणाऱ्याच्या चेहऱ्यावरही पंच किंवा लेझर करताना विशेष सावधगिरी लागते, म्हणून चेहरा दाखवायला जाल तेव्हा त्याला शर्ट काढून खांदे दाखवायला सांगा. मुले लाजून हे लपवतात.

लिंबाच्या रसाने त्वचा भाजते आणि उन्हात काळवंडते. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेल्या गोऱ्या करणाऱ्या क्रीमांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते. त्याने दोन आठवडे चेहरा उजळ दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, लाल होते आणि मुरूम दुप्पट येतात. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कित्येक महिने वापर झाला असेल तर ते एकदम बंद केल्यावर चेहरा भडकू शकतो, आणि तो भडकला की मुलगा पुन्हा त्याच ट्यूबकडे वळेल, म्हणून ते कसे सोडायचे हे त्यांनाच ठरवू द्या.

रोलर मात्र आजच बंद. घरच्या रोलरच्या सुया दोन-चार वापरांत बोथट होऊन वाकतात, त्वचेत सरळ न घुसता तिला ओरबाडतात, आणि नळाखाली धुतल्याने त्या निर्जंतुक होत नाहीत. दवाखान्यात खड्ड्यांसाठी साधारण दीड मिलिमीटर लांबीच्या, एकदाच वापरायच्या सुया, त्वचा बधिर करून वापरतात. घरचा खेळ त्याची नक्कलही नव्हे. तो रोलर टाकताना त्याचे टोक जाड कागदात गुंडाळून वर चिकटपट्टी लावा, म्हणजे कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताला सुया लागणार नाहीत.